टाकी रिकामी आहे ना?

अहो, तुमच्या तेरवीला मी हसले. पंगत उठली होती, बायका मागे भांडी विसळत होत्या आणि पुरुषमंडळी अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. समोर तुमची ती पांढरी व्हॅन आणि तिच्यामागे चाकांवरची खोली, दोन्ही जशाच्या तशा उभ्या. प्रकाशभाऊजींनी तिकडे बोट केलं आणि म्हणाले, "दादा लय जिवाचा माणूस होता, पण गाडी काही त्याले समजली नाही गा. उन्हाळाभर ठोकाठाक करून राहिला, शेवटपर्यंत बिघाड सापडला नाही." सगळे हसले. प्रेमानंच हसले, भाऊजींच्या तर हसताना डोळ्यांत पाणी होतं. मीही तोंडाला पदर लावून हसले. बिघाड कुठे होता हे त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं.

त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. तुमच्याशी जन्मभर तोंडी भांडले, लिहून कधी एक ओळ सांगितली नाही. आता लिहायला बसले तर 'अहो'च्या पुढे काय लिहायचं यातच सकाळ गेली. पण सांगायचं तुम्हालाच आहे. बाकीच्यांना सांगून पाहिलं, त्याचं काय झालं तेही सांगते.

गाडी घरी आणलीत तेव्हा मी फाटकात आडवी उभी राहिले होते. कुठल्याशा शाळेची मुलं वाहून थकलेली गाडी, तिला वरून पांढरा रंग मारलेला आणि दाराच्या फटीत खालचा पिवळा दिसतोय. आत सीटवर पोरांनी पेनानं कोरलेली नावं. मी म्हटलं, "हे काय उचलून आणलं? निवृत्तीनंतर लोक यात्रा करतात, तुम्ही शाळेत पोरं सोडणार काय?" तुम्ही बॉनेटवर हात फिरवत म्हणालात, "थांब ना वं. अजून हिच्या मागचं तू पाह्यलं नाही."

मागचं यायला दोन महिने लागले. कन्हानच्या वेल्डिंगवाल्याकडे तुम्ही रोज जाऊन बसायचात आणि एक दिवस ती खोली ओढत आणलीत. पत्र्याची खोली, दोन चाकं, एक दार, दोन खिडक्या. आत पलंग, ओटा, शेगडीची जागा, पलंगाखाली पाण्याची टाकी. ले-आउटमधले, आजूबाजूच्या घरांतले लोक जमा झाले. समोरच्या मंदाताईंनी विचारलं, "काहून भाऊ, पानठेला टाकता का आता?" मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन कुकर लावला. भूक कोणालाच नव्हती.

तुम्ही मागोमाग आत आलात. म्हणालात, "चिखलदऱ्याले जाऊ. आपण दोघंच. सकाळी दार उघडलं की समोर दरी, अन् हातात आपल्या खोलीतला चहा." लग्न झाल्यावर आपण चिखलदऱ्यालाच गेलो होतो, एसटीनं. सोबत सासूबाई आणि तुमच्या बहिणीची दोन पोरं. एका खोलीत पाच जणं झोपलो आणि परत आलो. घरी तरी काय होतं? दोन खोल्यांत एवढी माणसं, आपला पलंग जाण्यायेण्याच्या वाटेवर आणि त्याला पडदा. कोणी पाणी प्यायला उठलं की पडदा हलायचा. मी एकदाच, नव्यानं, तुम्हाला म्हटलं होतं की मला दार असलेली खोली पाहिजे. मी विसरून गेले होते हो. तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवलंत आणि निवृत्त झाल्यावर दाराला चाकं लावून आणलीत.

तुमचा नियम साधा होता. म्हणालात, इंजिन माझं खातं, स्वयंपाक-पाणी तुझं. मी तुझ्या डब्यांत हात घालणार नाही, तू माझ्या पान्यांत घालू नको. आपला सगळा संसार असाच चालला होता, म्हणून तो नियम सांगायचीही गरज नव्हती. फक्त एक गोष्ट बजावलीत. निघताना टाकी रिकामी पाहिजे. म्हातारी गाडी आहे, मागचं वजन जितकं कमी तितकं बरं. मुक्कामाला पोचलो की तिथे पाणी भरू.

आणि इथेच माझं अडलं. आपल्या ले-आउटमध्ये नळ एक दिवसाआड, तोही बोटाएवढी धार. मे महिन्यात टँकर आला की बायका पदर खोचून धावतात. मी जन्मभर पाणी धरलेली बाई आहे. नळ आला की घरातलं रिकामं भांडं मला पाहवत नाही. तुम्हीच चिडवायचात, "वाट्या-चमचे पण भरून ठेव वं, उद्या आमटी कायची करशील?" अशा बाईला तुम्ही सांगत होता की रिकामी टाकी घेऊन परक्या गावाला चल. तिथे पाणी नसलं तर? कोणाच्या नळावर भांडं घेऊन उभं राहायचं? लग्नाआधी आमच्या गावी मी दुसऱ्यांच्या विहिरीवर ताटकळत उभी राहिलेली आहे. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

तर झालं असं. रामटेकला निघायच्या दिवशी तुम्ही चाकांत हवा आणि डिझेल भरायला नुसती व्हॅन घेऊन गेलात. खोली दारात उभी होती. मी पाइप लावला आणि टाकी काठोकाठ भरली. तुम्ही आलात, खोली गाडीला जोडलीत, हात पुसत विचारलंत, "टाकी रिकामी आहे ना?" मी म्हटलं, "हो." भाजीत मीठ घातलं का विचारल्यावर जसं 'हो' म्हणतो, तसंच. खोटं बोलतेय असंही मनात आलं नाही. म्हटलं, तिथे पोचल्यावर यांनाच चहाला पाणी मिळेल, तेव्हा सांगू.

रामटेकला गडाच्या चढावर गाडीनं मान टाकली. आधी धूर, मग करपल्याचा वास, मग ती मागेच यायला लागली. तुम्ही हँडब्रेक ओढून मला म्हणालात, "उतर, चाकाले दगड लाव." मी दगड लावला. मागून येणारे मोटारसायकलवाले हसत गेले. गड राहिला, मंदिर राहिलं, आपण खालूनच हात जोडून परत आलो. घरी आल्यावर तुम्ही तासभर इंजिनात डोकं घालून होतात आणि मी तोवर टाकीतलं पाणी बादल्यांनी कूलरमध्ये ओतलं. वाया थोडंच घालवायचं? म्हणून तुम्हाला कधी काही दिसलं नाही. टाकी जाताना भरलेली आणि तुम्ही पाहाल तेव्हा कोरडी.

मग तुमचा शोध सुरू झाला. डिझेल फिल्टर बदललात. एअर फिल्टर बदललात. रेडिएटर काढून धुतलात, अंगणभर तांबडं पाणी. खोलीचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून पाहिलंत, ब्रेक धरून ठेवतोय का म्हणून. व्हॅन आणि खोलीच्या जोडणीचा गोळा वर घेतलात, मग खाली घेतलात. हातावर ग्रीस, कपाळावर ग्रीस, जेवायच्या ताटाच्या कडेला ग्रीस. मी कटकट करायची, "रंग लावून घ्या सगळ्या घराले." तुम्ही हसायचात. तुम्हाला यातलं खूप कळत होतं असं नाही. कोणी काही सांगितलं की ते करून पाहायचात. पण इतके दिवस तुम्हाला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, तेही खरं.

त्यानंतर आपण भिवापूरला गेलो, माझ्या बहिणीकडे मिरच्या आणायला. तो रस्ता तर सपाट. तुम्ही म्हणालात, सपाटीवर अंदाज येईल. टाकी मी पुन्हा भरलीच होती. तुम्ही विचारलंत, मी 'हो' म्हटलं. शहराबाहेरच्या पुलावर चढतानाच गाडी रडली, आणि उतरताना खोलीनं मागून असं शेपूट हलवायला सुरुवात केली की तुमचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. घरी येऊन तुम्ही म्हणालात, "वजन मागच्या बाजूले जास्त होऊन राहिलं बहुतेक." आणि खोलीतलं सामान कमी करायला लागलात.

तुम्ही आधी तुमची आरामखुर्ची उतरवलीत. मग रेडिओ. मग औजारांची मोठी पेटी, तिच्याऐवजी एका पिशवीत चार पाने. सागवानी पलंग काढून पातळ प्लायवूडचा केलात; मी विचारलं, पाठ दुखणार नाही का, तर म्हणालात, "वजनापेक्षा पाठ दुखलेली बरी." स्टीलच्या चार ताटांतली दोन काढलीत. लोणच्याची बरणी हातावर तोलून पाहिलीत आणि छोट्या बाटलीत लोणचं भरायला सांगितलंत. माझी एकही वस्तू उतरवली नाहीत. माझी गादी, माझी शाल, माझे डबे, सगळं तसंच. चमच्याचमच्याचा हिशेब करत तुम्ही त्या पलंगावर बसला होतात, आणि पलंगाखाली ती टाकी होती.

तरीही मला कळलं नव्हतं, हे खरं मानाल? कमरेवर हंडे वाहून वाहून माझी कंबर गेली, आणि पाण्याला वजन असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते आलं शकीलभाईंमुळे. कामठी रोडच्या गॅरेजमधून त्यांना तुम्ही घरी आणलंत. त्यांनी इंजिन ऐकलं, गाडीखाली सरकून पाहिलं, मग उठून म्हणाले, "भाईसाब, इंजिन इतना खराब नही है. पीछे वजन कितना है? टंकी तो नही भरते?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. सरळ म्हणालात, "रिकामी असते. हिनं सांगतलं म्हणजे रिकामी. ही खोटं नाही बोलत."

ट्रे तसाच हातात राहिला. त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? शकीलभाई हसले असते, तुम्ही ओरडला असता, चार दिवस अबोला धरला असता. एवढंच. पण तुम्ही परक्या माणसासमोर माझ्या शब्दाची खात्री दिली होती, आणि ती मीच कशी मोडू? मी चहा ठेवला, बिस्किटं आणायचं निमित्त केलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही खोली कळमन्याच्या काट्यावर नेऊन तोलून आणलीत. पाणी केव्हाच कूलरमध्ये गेलं होतं. तुम्ही खुशीत आलात. "पाह्यलं? मागचं वजन बरोबर आहे. म्हणजे दोष व्हॅनचाच." मी म्हटलं, "असेल." शकीलभाईंनी क्लचप्लेट बदलली.

चिखलदऱ्याला निघायचं ठरलं तेव्हा मी देवासमोर शब्द दिला की टाकीला हात लावायचा नाही. खरंच दिला होता. पण त्या दिवशी नेमका नळ आला. आदल्या दिवशी महापालिकेचा माणूस सांगून गेला होता की पुढे दोन दिवस पाणी येणार नाही. तुम्ही डिझेलला गेलात आणि नळाला अशी धार, अशी धार की कधी पाहिली नव्हती. घरातली सगळी भांडी भरली. कूलर भरला. धार चालूच. मी पाइप हातात घेऊन फाटकाशी उभी. म्हटलं, अर्धीच भरू. अर्धी भरली तर पाणी आत डचमळतं, त्याचा आवाज होतो. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून मी ती पूर्ण भरली. या वेळी मला माहीत होतं, अहो. आधीच्या दोन्ही वेळी नव्हतं, या वेळी होतं. तुम्ही विचारलंत आणि मी तुमच्या तोंडाकडे पाहून 'हो' म्हटलं.

परतवाड्यापर्यंत तुम्ही गाणं गुणगुणत होतात. घाट लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर तोच धूर, तोच वास. तुम्ही पहिला गिअर टाकलात, गाडी थरथरली आणि उभी राहिली. नवी क्लचप्लेट. सागाची झाडं, त्यांना एक पान नाही, ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. दोन मोटारसायकलवाले थांबले, एक काकड्या विकणारी बाई आली. जो तो काहीतरी सांगू लागला. मी खोलीच्या सावलीत बसले होते. माझ्या पायाशी, खोलीच्या खालच्या कडेला, टाकीची तोटी होती. ती फिरवायची फक्त. पाणी रस्त्यावर सांडलं असतं, मोटारसायकलवाल्यांना कळलं असतं, काकडीवालीला कळलं असतं, तुम्हाला कळलं असतं. आणि आपण वर गेलो असतो. मी त्या तोटीवर लुगड्याचा घोळ ओढून घेतला.

तुम्ही दगडावर बसून तोंड पुसलंत आणि म्हणालात, "माफ कर वं. तुले अशा गाडीत बसवून आणलं. माझ्याच्यानं काही होत नाही सरळ."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "जाऊ द्या. गाडीच तशी आहे." तुम्ही उठून बॉनेटवर हात ठेवलात आणि म्हणालात, "तिले नको बोलू. म्हातारी आहे, तरी एवढी आली."

त्या रात्री परतवाड्याला पेट्रोलपंपाच्या आवारात राहिलो. सकाळी मी चहा केला. दार उघडलं तर समोर दरी नाही, एका ट्रकचं चाक. पण तुम्ही पायरीवर बसून कप हातात धरलात आणि म्हणालात, "झालं ना, आपल्या खोलीतला चहा." एक घोट घेतलात. विचारलंत, "पाणी कुठून आणलं?" मी म्हटलं, "पंपावरून." तुम्ही दुसरा घोट घेतलात आणि म्हणालात, "घरच्यासारखंच लागते." आणि बाकीचा चहा गप्प बसून प्यायलात.

तेव्हा कळलं होतं का तुम्हाला? मी रोज विचारते. कधी वाटतं, कळलं असावं आणि तुम्ही पोटात घातलंत. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीचं ठरवतेय. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बोलला असता. पोटात ठेवणारे तुम्ही नव्हतातच. भाजी खारट झाली तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं सांगायचात. तेव्हा ते समाधान मी घेत नाही.

घरी आल्यावर तुम्ही गाडीला हात लावला नाहीत. चार-सहा दिवस नुसते तिच्याकडे पाहायचात. प्रकाशभाऊजी म्हणाले, भंगारात द्या, तर चिडलात. एका दुपारी वरण-भात जेवलात, म्हणालात, "डोकं शांत झालं की अजून एकदा पाहतो, काहीतरी सुटून राहिलं माझ्या नजरेतून," आणि कूलरसमोर आडवे झालात. मी चहाला उठवायला आले तेव्हा तुम्ही नव्हतात. शेवटचं तुम्ही माझ्याशी बोललात तेही त्या बिघाडाबद्दल, आणि मी ताट उचलत होते, काही बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर, घरात पाहुणे असताना, मला एकदम त्या टाकीची भीती वाटायला लागली. परतवाड्याहून आल्यापासून ती तशीच होती, भरलेली. आपला निखिल खोली झाडायला गेला आणि त्यानं झाकण उघडलं तर? मी गुपचूप बादल्या काढल्या आणि सगळं पाणी कुंडीतल्या झाडांना, फाटकाजवळच्या कडुनिंबाला घातलं. तळ फडक्यानं पुसला. नवऱ्याचं सुतक चालू आणि मी चोरासारखं पाणी उपसतेय. जास्वंदी तेवढी टवटवीत झाली. मंदाताई म्हणाल्या, दुःखात पण झाडं विसरली नाही.

आता रविवारचं सांगते. निखिलला रविवारीही मिहानच्या कंपनीत पाळी होती, पण त्यानं सुटी काढली होती, कारण गिऱ्हाईक येणार होतं. तर्री-पोह्याचा ठेला चालवणारे एक गृहस्थ, त्यांना फिरता ठेला करायचा होता. शकीलभाईही आले होते. प्रकाशभाऊजी प्रामाणिक माणूस, त्यांनी आधीच सांगून टाकलं, "पहिलेच सांगतो भाऊ, गाडी चढावर ओढत नाही. आमच्या दादानं लय हात मारले, पण त्याले काही जमलं नाही." ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "शौकीन लोकांचं असंच असते, गाडी घेऊन टाकतात, समजत काही नाही." तुम्हाला कधी न पाहिलेला माणूस तुम्हाला हसला.

मी ओसरीतून खाली उतरले. पायात चप्पल नव्हती. म्हटलं, "गाडी चांगली आहे. त्यांचं काही चुकलं नाही. टाकी मी भरत होती. दर वेळी. ते विचारत होते आणि मी रिकामी आहे म्हणून सांगत होती. घाटात पण भरली होती, मले माहीत होतं तरी."

मला वाटलं, आता कोणीतरी मला बोलेल. मी पदर घट्ट धरून उभी होते. मग प्रकाशभाऊजींचा चेहरा वाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. "वहिनी, कायले स्वतःवर घेऊन राहिल्या हो? दादाले कोणी नावं नाही ठेवत. माझ्या तोंडातून गेलं, माफ करा मले." मी म्हटलं, "भाऊजी, मी खरं सांगून राहिली." शकीलभाईंनी पलंग उचलून झाकण काढलं, आत हात घातला आणि कोरडा हात मला दाखवला. हळूच म्हणाले, "भाभी, सूखी है. कबकी सूखी है." निखिलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, बाबांनी काट्यावर वजन केलं होतं ना? बरोबर आलं होतं. तू नको त्रास करून घेऊ." तुम्ही किती मेहनतीनं शोध घेतला होतात, त्याचा पुरावा माझ्याविरुद्ध नाही, माझ्या बाजूनं उभा राहिला. मी आणखी दोनदा सांगितलं. दर वेळी त्यांचे डोळे आणखी भरले. शेवटी निखिलनं मला आत नेऊन पाणी पाजलं.

गिऱ्हाईकानं गाडी घेतली. खोली जोडून नेली, तर पुलावर एका दमात चढली, निखिलनं मागून मोटारसायकलवरून पाहिलं. येऊन म्हणाला, "शकीलभाईंची क्लचप्लेट लागली वाटते शेवटी." शकीलभाई संकोचले, पण नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळपर्यंत ले-आउटभर झालं होतं. मंदाताई त्यांच्या सुनेला घेऊनच आल्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं तिला म्हणाल्या, "पाह्य, असं असते. माणूस गेला तरी त्याच्यावर शब्द नाही येऊ दिला, आळ स्वतःवर घेतला." ती पोरगी वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले, तर मंदाताई म्हणाल्या, विनय पण किती.

काल तुमच्या फोटोला हार घालायला माझा हात वर गेला नाही. निखिलनं घातला. त्याला वाटलं, मला रडू आवरत नाही. रडू नव्हतं ते. ज्या गाडीला तुम्ही शेवटपर्यंत कोणाला नावं ठेवू दिली नाहीत, ती गेली; चिखलदरा राहिला; आणि मी मात्र या घरात मोठी झाले. सगळे मला हळू आवाजात बोलतात. चूक झाली तरी कोणी टोकत नाही. परवा भाजी करपली, निखिल मुकाट्यानं जेवला.

तुम्ही असता तर झाकण काढून पाहिलं नसतंत. काट्याचं वजन आठवलं नसतंत. मी म्हटलं म्हणजे तसंच, एवढ्यावर तुमचा विश्वास बसला असता, आणि मग तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. "कायले केलं वं असं? मी येडा होतो का? चमचे मोजून राहिलो होतो मी!" मंदाताईंना ऐकू गेलं असतं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, उलट एक शब्द बोलले नसते, देवाशपथ. माफी नको आहे मला, माफी सगळेच देऊन राहिले, न मागता. मला कोणीतरी ओरडायला पाहिजे आहे हो, आणि या घरात आता माझ्यावर ओरडेल असं कोणी राहिलं नाही.